थंड धूर

"जीभ दाखवा," मी म्हटलं.

नरहरपंतांनी आधी वखारीच्या दाराकडे बघितलं, मग शालनकडे. शालन खिडकीत बसून आपली वाक्यं पाठ करत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हसत होते.

"धाकू, तू वैद्य कधीपासून झालास?"

"तुम्ही बॅरिस्टर झालात तेव्हापासून. काढा."

त्यांनी जीभ बाहेर काढली. टोक सोललेलं होतं आणि मधोमध पांढरा चट्टा पडला होता. अशी जीभ मी बोटीवर नव्या पोरांची बघितली होती, पण साठीच्या माणसाची कधी नाही.

"पाणीसुद्धा तिखट लागतं रे," पंत म्हणाले. "सकाळी भाताचा घास घेतला, तर डोळ्यांतून धार. आणि हे ऐक." त्यांनी डोळे मिटून सा लावला. फरशीवरून कपड्यांची पेटी ओढावी तसा आवाज आला. त्यांनी डोळे उघडले आणि ते पुढे काही गायले नाहीत.

शालनचे खांदे हसायचे थांबले.

नरहरपंत दाबके हे संगीत नाटकातले नट. तरुणपणी त्यांनी नायिकांची कामं केली, मिशी आल्यावर नायकांची, केस पिकल्यावर ऋषींची. शेवटी मंडळीच बंद पडली. पडदे विकले गेले, तबलजी रेडिओवर गेला आणि मी त्याच मंडळीचा पडदा ओढणारा, तो बिवलकरांच्या नव्या संस्थेत लागलो. बिवलकर पुण्याचे. वय तिशीच्या आत, पण बोलणं पन्नाशीचं. त्यांनी एक गद्य नाटक बसवायला घेतलं आणि त्यातल्या म्हाताऱ्या बॅरिस्टरच्या कामाला पंतांना बोलावलं. गाणं नाही, पेटी नाही, टाळ्या घेणारी पदं नाहीत. एक खुर्ची, एक मुलगी आणि एक पाइप.

तालमी मिरजेला स्टेशनजवळच्या एका लाकडाच्या वखारीत चालायच्या. पहिला प्रयोग रविवारी दुपारी, सांगलीला होता.

पाइप खराच ओढायचा, हा बिवलकरांचा हट्ट होता. "रिकाम्या कपातून चहा पिणारा नट शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो," असं ते म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण पंतांनी जन्मात विडीसुद्धा ओढलेली नव्हती. गळ्याला जपणारा माणूस. रोज सकाळी ज्येष्ठमधाची काडी आणि कोमट पाणी.

बिवलकर आत आले ते थेट पंतांसमोर उभे राहिले.

"पंत, स्पष्ट बोललं तर राग मानू नका. काल तालमीत तुम्ही अकरा वाक्यं खोकल्यात खाल्लीत. शालनला उत्तर द्यायच्या ऐवजी तुम्ही तिच्या तोंडावर धूर सोडता आणि मग दोघंही रडता. मी कोल्हापूरच्या डॉक्टर इंगवल्यांना बोलावलंय. ते हौशी काम करतात, आवाज चांगला आहे आणि रोज पाइप ओढतात. ते तालमी बघत बसतील."

"बघू देत की," पंत म्हणाले.

"नुसते बघायला नाही बोलावलेलं."

"ते कळलं मला. नाटकात आहे मी इतकी वर्षं."

बिवलकर गेल्यावर पंतांनी पाइप उचलून पुसला. मग म्हणाले, "हे काम गेलं की मी रहिमतपूरला, पुतण्याकडे. माणूस चांगला आहे. माझा सुभद्रेच्या वेषातला फोटो त्यानं भिंतीवर लावलाय. नथ, नऊवारी, सगळं. हार घालायचा तेवढा बाकी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "धाकू, तू पाइप ओढतोस ना?"

मी ओढत होतो. मी मूळचा मालवणचा. नाटकात यायच्या आधी आगबोटीवर आगवाला होतो, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारा. पाळी संपवून वर आलो की कायतान नावाचा एक गोंयकार मला आपल्याबरोबर डेकवर बसवायचा. पाइप त्यानं शिकवला. नाटक मंडळीत आल्यावर मी तो पडद्यामागे ओढायचो आणि सगळे नाकाला पदर नाहीतर उपरणं लावून जायचे. आता पहिल्यांदाच कुणाला त्याची गरज पडली होती.

"ओढतो," मी म्हटलं. "आणि माझी जीभ बघा." मी काढून दाखवली.

"शी!" शालन खिडकीतून म्हणाली. "धाकूमामा, आत घ्या ती."

त्या दिवशी मी पंतांना पाइप ओढू दिला नाही. आधी म्हटलं, तंबाखू दाखवा. त्यांनी आपला पानाचा डबा उघडला. मी बघतच राहिलो. डब्यात ओलं फडकं, फडक्यात पानं आणि पानांच्या पोटाशी, नीट गुंडाळून ठेवलेली तंबाखू.

"हे काय?"

"सुकू नये म्हणून. पानं कशी ताजी राहतात बघ."

"पंत, ही काय विड्यात घालायची आहे? ओली तंबाखू जळत नाही, उकळते. तुम्ही धूर नाही, वाफ ओढताय. भाताच्या भांड्यावरचं झाकण काढून त्यात तोंड घातल्यासारखं."

"मग तोंड भाजणारच," शालन म्हणाली.

"तू पाठ कर तुझं," पंत म्हणाले.

मी तंबाखू वर्तमानपत्रावर पसरून उन्हाच्या कडेला ठेवली. बोटांत धरली तर चुरा होऊ नये, पण चिकटूही नये, इतकीच सुकवायची. मग त्यांनी पाइप भरून दाखवला. अंगठ्यानं असा दाबून भरला की सुतळी बॉम्बच. मी फुंकून बघितलं, हवा जाईना. मग मी सगळं कोरून काढलं आणि तळाला अगदी सैल, वर जरा घट्ट, असं भरलं. काडी एकदा लावायची, वरचा थर फुगून येतो, तो हलकेच बसवायचा, मग पुन्हा काडी. हे सगळं पंतांना लगेच जमलं. नटच ते. हाताच्या हालचाली एकदा बघून उचलायचे. बघणाऱ्याला वाटलं असतं की वीस वर्षं ओढताहेत.

आणि मग त्यांनी पाइप ओढला.

मी आजवर तसं ओढताना कुणाला बघितलेलं नाही. पाठ ताठ झाली, छाती भरली, पोट आत गेलं आणि तो लहानसा पाइप भात्यानं फुंकलेल्या भट्टीसारखा लाल झाला. मग नाकातोंडातून ढग आणि ढगामागून खोकला.

"थांबा! थांबा! हा श्वास कुठून आणलात?"

"नाभीपासून," पंत खोकत म्हणाले. "आमच्या मास्तरांनी शिकवलेलं. श्वास नाभीपासून घ्यायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा."

"शेवटच्या रांगेला काय, धूर पोचवायचाय?"

"मग? दिसायला नको?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस पाइप ओढत नाही, गातो. तान घ्यायची तसा दम घेतो आणि समेवर सोडतो. त्याला शिकवायचं म्हणजे आयुष्यभराचा दमसास विसरायला लावायचं. मी सांगितलं, छातीत घेऊ नका, तोंडातच ठेवा. त्यांना कळेना. तोंडात घेतलेला श्वास त्यांच्या लेखी श्वासच नव्हता.

"पंत, आमच्याकडे सकाळी पेज पितात. कढत असते. वाडगा तोंडाला लावला की घटाघट पिता येते का?"

"जीभ भाजेल."

"मग काय करता?"

त्यांनी ओठ पुढे केले आणि कडेनं जरासं भुरकलं.

"तसंच. फक्त आवाज न करता. आणि पाइप गालाला लावून बघा. गालाला सोसवेना इतका तापला असेल, तर हातात धरून नुसतं बसा."

दुसऱ्या दिवशी त्यांना ते जमायला लागलं. तिसऱ्या दिवशी खोकला गेला. जिभेला आराम पडला, बोलताना शब्दांच्या कडा परत आल्या. शालन त्यांच्या समोर उभी राहून आपली सगळी वाक्यं म्हणाली आणि शेवटी म्हणाली, "आज मी रडले नाही."

"रडायचंय तुला तिथे," बिवलकर म्हणाले. "नाटकात लिहिलंय."

"ते मी रडेन. धुरानं नको."

बिवलकर खूश नव्हते. "पंत, धूर कुठाय? मागे काय दिसणार? नुसती दांडी तोंडात धरल्यासारखं वाटतंय." मागे खुर्चीत डॉक्टर इंगवले बसले होते. उंच, गोरे, खादीचा शर्ट. त्यांच्या पाइपमधून असा निवांत धूर येत होता की बघून मलाच हेवा वाटला. बिवलकर त्यांच्याकडे बघायचे, मग पंतांकडे.

पण खरी अडचण दुसरीच होती आणि ती मला शनिवारच्या तालमीत समजली.

हळू ओढलेला पाइप विझतो. सगळ्यांचाच विझतो, त्यात विशेष काही नाही. काडी लावायची, पुन्हा सुरू. पहिल्या अंकाच्या मध्यावर पंतांचा विझला. त्यांनी ओढून बघितलं, धूर आला नाही आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. शालनचं वाक्य चालू होतं. पंतांनी खिसे चाचपले, काडेपेटी काढली, काडी मोडली, दुसरी मोडली, तिसरी पेटली. मग नाभीपासून ओढायला लागले, ढग, खोकला. त्यांचं वाक्य गेलं, पुढचं वाक्य गेलं. शालननं स्वतःहून दोन वाक्यं गाळून त्यांना वाट करून दिली, तीही त्यांना दिसली नाही.

"पुरे," बिवलकर म्हणाले. "पंत, उद्याच्या जाहिरातीत तुमचं नाव छापलंय. उद्याचा प्रयोग तुम्ही करा. त्यानंतरचे डॉक्टर करतील. मला चूक ठरवायचं असेल तर उद्याचा दिवस आहे तुमच्याकडे."

डॉक्टर उठून बाहेर गेले. सभ्य माणूस. त्यांना तिथे थांबवेना.

मी पंतांना घेऊन वखारीच्या मागे ओंडक्यांवर बसलो. ऊन अजून उतरायचं होतं. करवतीचा भुसा उडत होता.

"विझला तर विझला, पंत. इतकं घाबरायला काय झालं?"

"तुला नाही कळायचं. तू पडद्यामागचा."

"मग सांगा."

ते ऐकवायला तयार नव्हते, पण त्यांना गप्पही बसवेना. "खामगावचा मुक्काम. आरतीचा प्रवेश होता. हातात निरांजन घेऊन मी प्रवेश केला आणि पद सुरू करायच्या आधी ते विझलं. वारं नाही, काही नाही. मालक विंगेत उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. त्याच मोसमात मालक गेले आणि मंडळीची दोन शकलं झाली. आमच्यात शिकवण आहे धाकू, रंगभूमीवर पेटवलेलं काही विझू द्यायचं नाही. समई असो, निरांजन असो, चूल असो."

"पाइपचं कुणी सांगितलं होतं?"

"तेव्हा पाइप कुठे होते?"

मी हसलो, ते नाही हसले. मग मी जे सांगितलं, ते त्याआधी कुणाला सांगायचा प्रसंग आला नव्हता.

"पंत, मी नऊ वर्षं आग राखली. बॉयलरची आग विझली म्हणजे बोट समुद्रात मेली. वाफ जरा उतरली की वरून शिव्या यायच्या. झोपेतसुद्धा मला आग विझल्याची स्वप्नं पडायची. आणि पाळी संपवून वर आलो की कायतान माझ्या हातात पाइप द्यायचा. माझा हमखास विझायचा. पहिल्यांदा विझला तेव्हा मी उडालोच. तो म्हणाला, बस रे. अख्ख्या बोटीवर तुझ्या हातातली ही एकच आग अशी आहे, जी विझली तर कुणी ओरडत नाही."

पंत ऐकत होते.

"म्हणून ओढतो मी पाइप," मी म्हटलं. "धुरासाठी नाही."

थोड्या वेळानं त्यांनी पाइप भरला. सैल, मग घट्ट. दोन काड्या लावल्या. भुरकल्यासारखा ओढला. मी म्हटलं, "आता विझू द्या. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"बघू तर काय होतं."

आम्ही बसलो. पंतांचा हात दोनदा खिशाकडे गेला, दोनदा मी नुसतं बघितलं. पाइप विझला. आभाळ पडलं नाही. वखारीच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, उडून गेला.

"आता?" पंत म्हणाले.

"आता काही नाही."

"विझल्यावर माणसानं करायचं काय?"

"धरून बसायचं. पाइपची वाटी हातात उबदार असते. ती गार होईपर्यंत माणसाला काही सुचत असतं. मग वाटलं तर पेटवा. दुसऱ्यांदा पेटवलेला जास्त थंड लागतो."

त्यांनी वाटीवर अंगठा ठेवला, जणू कुणाची नाडी बघताहेत. मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. एवढ्या वर्षांच्या ओळखीत पंत इतका वेळ गप्प बसलेले मी पहिल्यांदाच बघितले.

रविवारी सांगलीला चांगली गर्दी होती. जुने लोक पंतांसाठी आले होते. काही जण गाणं असेल या आशेनं आले होते, ते मध्यंतराला विचारणार होते. डॉक्टर इंगवले तिसऱ्या रांगेत होते. बिवलकर समोरच्या विंगेत नाटकाची वही घेऊन स्वतः वाक्यं सांगायला बसले होते. मी अलीकडच्या विंगेत, दोरीपाशी.

माझी पद्धत सांगायला हवी. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. अक्षरं मी पुढे, पन्नाशी उलटल्यावर शिकलो. पडदा मी कानानं ओढायचो. प्रत्येक अंकाचा शेवटचा शब्द पाठ असायचा. तो शब्द कानावर पडला की दोरी सुटायची. या नाटकाच्या पहिल्या अंकाचा शेवटचा शब्द होता 'देतो'. मुलगी बापाला विचारते, "तो माणूस निर्दोष होता, हे तुम्हांला माहीत होतं का, बाबा?" बॅरिस्टर उसळून म्हणतो, "या घरात प्रश्न मी विचारतो आणि उत्तरंही मीच देतो!" टाळीचं वाक्य. पंतांचा आवाज लागला की ते शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, रस्त्यापर्यंत जायचं.

पडदा वर गेला. पंत खुर्चीत बसले होते. त्यांनी पाइप भरला, पेटवला, बसवला, पुन्हा पेटवला. घाई नाही. मग हलकेच एकदा ओढला. तोंडातून जेमतेम दोऱ्याएवढा धूर आला. पण पंतांनी तो फुंकला नव्हता, म्हणून तो मोडला नाही. बाजूच्या दिव्याच्या उजेडात सरळ वर गेला, निळा, आणि पार छताच्या झालरीपर्यंत दिसत राहिला. मी बिवलकरांकडे बघितलं. त्यांनी वही खाली केली होती.

अंक चालला. पंतांचे शब्द स्वच्छ येत होते. मध्ये एकदा पाइप विझला. शालन बोलत होती. पंतांनी तिचं ऐकून घेतलं, मग काडी ओढली. त्या काडीच्या आवाजानं पहिल्या रांगेतल्या बाईनं दचकून मान वळवली. शालन कधी नव्हे इतकं खरं बोलायला लागली. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "ते ऐकत होते ना हो. तालमीत ते पाइप सांभाळत असायचे."

शेवट आला. शालन खुर्चीसमोर उभी राहिली.

"तो माणूस निर्दोष होता, हे तुम्हांला माहीत होतं का, बाबा?"

मी दोरी सैल केली आणि कान दिला.

पंतांनी पाइप तोंडाला लावला. वाक्याच्या आधी एक झुरका, असं बसवलेलं होतं. ओढला. धूर आला नाही. पुन्हा विझला होता. मला वाटलं, आता हात खिशात जाणार.

हात खिशात गेला नाही. त्यांनी पाइप तोंडातून काढला आणि वाटीत बघितलं.

"या घरात प्रश्न..." समोरच्या विंगेतून बिवलकरांनी कुजबुजून वाक्य दिलं.

पंत बोलले नाहीत.

"या घरात प्रश्न मी..." बिवलकरांचा आवाज वाढला. मला ऐकू आलं, म्हणजे पंतांना आलंच असणार. शालन हलली नाही. तिचे डोळे बापाच्या चेहऱ्यावर होते आणि ती आता नटी वाटत नव्हती. थिएटरात कुणी खोकलं नाही. मी इतकी वर्षं पडदा ओढला, पण अख्खं थिएटर एका माणसाच्या हाताकडे बघतंय, असं त्याआधी बघितलं नव्हतं. आणि माझ्याकडे शब्द नव्हता. वाट बघावी तर कशाची? बिवलकर पलीकडून मला हातानं खुणावत होते, थांब, थांब.

पंतांनी वाटीवर अंगठा ठेवला. सावकाश. मग त्यांचे खांदे खाली आले, अगदी थोडे, आणि मुलीकडे न बघता ते समोर बघत राहिले.

मी पडदा पाडला.

बाहेर काहीच आवाज झाला नाही. मला वाटलं, संपलं सगळं. मग एकदम पत्र्यावर गारा पडाव्यात तशा टाळ्या आल्या आणि थांबेनात.

बिवलकर धावत आले ते माझ्यावरच. "पडदा कोणी पाडायला सांगितला? मी थांब म्हणत होतो! वाक्य झालंच नव्हतं!"

"बॅरिस्टरला माहीत होतं, एवढं सांगून झालं होतं," मी म्हटलं. "आणखी काय सांगायचं होतं?"

"कोणी सांगितलं? कधी?"

मी पंतांकडे बोट केलं. ते अजून खुर्चीतच होते. शालन त्यांच्या पायांशी बसली होती, पदरानं डोळे पुसत.

"पंत, वाक्य विसरलात का?" बिवलकरांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"नाही हो. तोंडात तयार होतं." पंत पाइपकडे बघत म्हणाले. "पण ते पेटलेल्या पाइपचं वाक्य होतं."

तेवढ्यात मागच्या दारानं डॉक्टर इंगवले आले. आत येताच त्यांनी पंतांना नमस्कार केला, वाकून.

"बिवलकर, ती विझण्याची जागा कोणी बसवली?"

बिवलकर हुशार होते आणि प्रामाणिकही. "कोणी नाही बसवली," ते म्हणाले.

"तरी मला वाटलंच. मग माझं नाव पुढच्या प्रयोगांतून काढा."

"का? तुम्ही तर रोज ओढता."

"म्हणून तर. इतक्या वर्षांत माझा विझला की हात काडेपेटीवर जाऊन पोचलेला असतो, मला कळायच्या आत. हे असं नुसतं धरून बसणं मला नाही यायचं." ते पंतांकडे वळले. "कोणाकडे शिकलात?"

"हा बघा," पंत म्हणाले. "वैद्य आहे आमचा. जीभ तपासून औषध देतो."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फी काय घेता?"

"जीभ बघायला लागते, हीच मोठी शिक्षा," शालन म्हणाली आणि नाक ओढत हसली.

बिवलकरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वहीतल्या त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. मारताना त्यांना वाईट वाटलं असणार. टाळीचं वाक्य होतं आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं. मग ते माझ्याकडे वळले.

"धाकू, वाक्य गेलं. आता पुढच्या प्रयोगाला पडदा कशावर पाडणार तुम्ही? पंत कधी दोन क्षण बसतील, कधी दहा. काहीतरी ठरवायला हवं. अंगठा ठेवला की पाडायचा का?"

मी उत्तर देणार, तोच पंत म्हणाले, "ठरवू नका हो काही. ठरवलं की मी त्याची वाट बघत बसेन. अंगठा ठेवायची घाई करेन."

"मग?"

"तो पाडेल तेव्हा माझं संपलं असं समजेन मी."

बिवलकर आम्हां दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "आणि धाकूंनी पाडलाच नाही तर?"

"तर बसू," पंत म्हणाले. "मला आता सवय झाली आहे."

तिसरी घंटा झाली. सगळे आपापल्या जागेवर गेले आणि मी दुसऱ्या अंकासाठी पडदा वर घेतला.